पृथ्वीच्या वाटेवरचा खडा

ताईला सगळा कारखाना ताईच म्हणे, कारण मालक तिचा धाकटा भाऊ. तो लाकडाचे गोळे कातायचा, पितळी दांड्यांवर बसवायचा, आणि ताई त्यांना रंग द्यायची. मग सूर्यमालेची ती फिरती मॉडेलं शाळाशाळांत जायची. नवरा गेल्यापासून ती हेच करत आली. राहायची भावाच्या समोरच्याच खोलीत. मध्ये जिना, चूल वेगळी, कुलूप वेगळं.

भावाला ते खुपायचं. "लोक म्हणतात, सख्ख्या बहिणीला बाहेर ठेवलंय."

"लोकांना म्हणावं, तिचा सकाळचा चहा आमच्याच माथी असतो."

असं म्हणत भावजय हसायची. पण या खेपेला त्याने ताईला न विचारता घरमालकाला सांगून टाकलं, रविवारी ताईची खोली सोडतो म्हणून. ताई भांडली नाही. देवापुढे हात जोडून म्हणाली, "त्याला चांगलं सुचव रे बाबा," आणि ब्रश धुवायला बसली.

त्याच आठवड्यात विज्ञान केंद्राचं काम आलं. पृथ्वीसोबत चालणारा एक छोटा लघुग्रह दाखवायचा होता. भावाने वाटाण्याएवढा खडा कातला आणि चंद्र जोडतात तसा पृथ्वीलाच जोडून टाकला. केंद्रातल्या बाईंनी मॉडेलची मूठ फिरवून पाहिली.

"हा आपला चंद्र नाही हो. हा सूर्याभोवती फिरतो, आपल्याच वाटेने. आपल्याला उगाच वाटतं, आपल्याभोवती घिरट्या घालतोय. याची दांडी सूर्यापासून काढा."

बाई गेल्या. भाऊ करवत घेऊन बसला. "एवढासा खडा, आणि थाट बघा. म्हणे स्वतंत्र दांडी."

"सोबत चालतोय ना? मग कशाला बांधतोस?" ताई राखाडी रंग कालवत म्हणाली.

त्याची करवत थांबली. "खड्याचं बोलतेस की खोलीचं?"

"दोन्हीचं. तुझ्या घरात बायको हा चंद्र आहे एक, तेवढा पुरे."

"आणि आजारी पडलीस तर?"

"तर हाक मारीन. जिना काय समुद्र आहे?"

त्याने नवी दांडी बसवली, मूठ फिरवून पाहिली, आणि संध्याकाळी तो घरमालकाकडे गेला. घरमालकाने नव्या भाडेकरूला शब्द देऊन ठेवला होता. त्याने भावाला दारातच उभं करून सुनावलं. भावाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"राहिली तुझी खोली," परत येऊन तो म्हणाला. "पण मला पार वेड्यात काढलं त्याने."

"त्याचं काय चुकलं?" म्हणत ताई जेवायला आपल्या खोलीत गेली.