जिच्यात आई मरत नाही ती कॅसेट

आमच्या सासूबाईंना सिनेमात कुणी मेलेलं चालत नसे. खलनायक मेला तरी त्या म्हणत, "आता त्याच्या बायकोनं काय करायचं?" आणि नायकाची आई गेली, तर मग दोन-दोन दिवस आमच्या घरात मोठ्यानं हसायची सोय नसे.

शमें ग्रेनिएला, म्हणजे बेटावरच्या आमच्या गावी, आमच्या रस्त्यावर व्हिडिओ पहिल्यांदा आमच्याकडे आला. साल नक्की आठवत नाही, पण ऐंशी उलटून गेलं होतं आणि माझा मुलगा रांगत होता. रविवारी दुपारी दुकानातून भाड्यानं हिंदी सिनेमाची कॅसेट आणायची, बैठकीच्या खोलीत चटया टाकायच्या, शेजारच्या चार बायका बोलवायच्या, असा आमचा नेम होता. अशाच एका रविवारी पडद्यावरची आई हॉस्पिटलात मुलाचा हात धरून मेली. सोमवारी सासूबाई वांग्यांच्या मळ्यात गेल्या नाहीत. मंगळवारी देवळात भजनालाही गेल्या नाहीत.

"माझ्याच वयाची होती गो," एवढंच म्हणाल्या.

धाकटी जाऊ शेजारच्या घरात राहायची. ती संध्याकाळी भिंतीवरून वाकून म्हणाली, "ताई, आपण तिला वाचवूया."

"कुणाला?"

"त्या आईला!"

तिच्याकडेही व्हिडिओ मशीन होतं. पुढच्या मंगळवारी पुरुषमंडळी कामावर आणि सासूबाई, आमच्या आग्रहावरून, भजनाला गेल्या, तशी ती आपलं मशीन चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून घेऊन आली. दोन्ही मशिनं शेजारी ठेवली, वायरींनी जोडली. एकात दुकानातून पुन्हा आणलेला सिनेमा लावला आणि दुसऱ्यात आमची जुनी कॅसेट. तिच्यावर माझ्या नवऱ्यानं कधीतरी टीव्हीवरचं काहीबाही भरून ठेवलं होतं. त्याच्यावरून आमचा सिनेमा भरायचा होता. सिनेमा मी चालवायचा, भरायचं काम जावेचं. मी टिचकी वाजवली की तिनं थांबवायचं.

मरण कापणं सोपं असेल असं आम्हांला वाटलं होतं. पण मेलेल्या आईचा हार घातलेला फोटो पुढे प्रत्येक खोलीत! लग्नातही फोटोच्या पाया पडतात. एकेक फोटो गाळता गाळता माझी बोटं दुखली. शेवटी जावेला सुचलं की सुरुवातीला आई मुलाला लाडू भरवते, तो तुकडा लग्नानंतर जोडावा. जोडला. आई लग्नाला हजर झाली!

"आयो, ताई, मघाशी मी कुठलं बटण दाबलं होतं?" ती मधेच म्हणाली. पण तेवढ्यात फाटकाशी सासूबाईंच्या चपला वाजल्या. कॅसेट तपासायची राहूनच गेली.

रविवारी सगळ्या जमल्या. हॉस्पिटलात आई खोकली, नायक "माँ!" म्हणून ओरडला, आणि पडद्यावर टाय लावलेला एक गृहस्थ आला. गंभीर चेहऱ्यानं फ्रेंचमधून सांगू लागला की सिक्लोन बेटाकडे येतंय, खिडक्या बंद करा, घराबाहेर पडू नका. लगेच सनई सुरू, लग्नाचा मांडव, आणि आई लाडू भरवतेय.

माझ्या नवऱ्याच्या नाकात चहा गेला. "हिंदुस्थानात वादळाची खबर फ्रेंचमध्ये कधीपासून देतात?"

"तू गप बस," सासूबाई म्हणाल्या. "सिक्लोन आलं म्हणून हॉस्पिटल रिकामं केलं. घरची हवा लागली, बरी झाली ती." आणि पदरानं डोळे पुसून चक्क हसल्या.

इथवर ठीक होतं. पण त्यांनी ही गोष्ट देवळात सांगितली. तिथं कपडे शिवणारी एक बाई होती, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "मावशी, ती आई मरते. मी पाहिलंय."

"मी लाडू भरवताना पाहिलंय!"

प्रसाद वाटून झाला तरी दोघींचं संपेना. शेवटी शिवणवालीनं सासूबाईंना आपल्या घरी सिनेमा बघायला बोलावलं. त्या गेल्या त्या दुपारी आम्ही दोघी ओट्यावर भाजी निवडत बसलो होतो. जावेनं देठ टोपलीत टाकले आणि पानं कोंबड्यांना.

सासूबाई आल्या. चपला काढल्या, पाणी प्यायल्या.

"तिच्या कॅसेटीत आई मरते," म्हणाल्या.

आम्ही दोघी खाली माना घालून भराभर देठ मोडू लागलो.

"बिचारी. दुकानदारानं तिला खराब कॅसेट दिली. आपल्यासारखी एक तिलाही करून द्या."

जावेनं मला पायानं ढोसलं. 'करून द्या' म्हणाल्या होत्या, 'आणून द्या' नव्हे.

आठवड्याभरात शिवणवाली स्वतःच एक भाड्याची आणि एक कोरी अशा दोन कॅसेटी पदराखाली लपवून आली. तिचा सिनेमा निराळाच होता. "आई मरू दे नाहीतर जगू दे," ती हळूच म्हणाली, "पण यातली ती सुनेला छळणारी नणंद काढता येईल का? माझी नणंद मोका गावाहून राहायला येतेय. तिच्या शेजारी बसून हे कसं बघू?"

आम्ही नणंद काढली. पण ती गेल्यावर सिनेमात काही उरलंच नाही. सून पाणी भरते, स्वयंपाक करते, गाणं म्हणते, पुन्हा पाणी भरते. मोकाची नणंद म्हणे शेवटपर्यंत बघत बसली आणि म्हणाली, "किती चांगलं घर आहे गो! कुणी कुणाला टाकून बोलत नाही."

त्यानंतर एका शुक्रवारी सासूबाई दुकानातून परस्पर एक कॅसेट घेऊन आल्या. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि मळ्यात जायला टोपली उचलली.

"दुकानवाला म्हणाला, यात बाप आंधळा होतो," त्या म्हणाल्या. "रविवारच्या आत बघा काय ते. आणि ह्या वेळी तो टायवाला नको."