मिंगेलबाबच्या चार स्पीकरांचा पेटारा

दामूच्या दुकानात एखादी वस्तू दुरुस्त व्हायला एक दिवस लागत असेल, तर तिच्याबद्दल बोलायला चार दिवस लागतात. तारकर्लीच्या तिठ्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिथे जाऊन बसतो. आमचे सुतार आबा मेस्त्री काम नसलं की येतात, आणि काम असलं तरी येतात. तिघं बसलो की किस्से आपोआप साठत जातात. पण गेल्या वर्षी मिंगेलबाबचं कॅबिनेट आलं आणि आधीचे सगळे किस्से मागे पडले.

मिंगेलबाब पूर्वी प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. बोट भंगारात निघाली तेव्हा त्याने कप्तानाकडून गिटारचं स्पीकर कॅबिनेट मागून घेतलं. म्हणजे चार मोठे स्पीकर बसवलेला, कमरेएवढा उंच लाकडी पेटारा. काही वर्षं घरी वाजवलं, मग ते पडवीत पडून राहिलं. आता त्याची सत्तरी उलटलीय. एक कान गेला, दुसरा जायच्या वाटेवर. डॉक्टरने सांगितलं, फार तर सहा महिने. तसा तो उठून दामूकडे आला.

"कान जावच्या आधी एकदा माका ता आयकूचा आसा," तो म्हणाला. "मगे गेलो तरी चलात."

दामू म्हणाला, "घेवन ये."

*

कॅबिनेट टेम्पोतून उतरवलं. मागची फळी नव्हती, पुढचं कापड नव्हतं, चारपैकी दोन स्पीकर नव्हते. आत कोंबडी होती.

"ही कित्याक हाडलंस?" दामूने विचारलं.

"उठाक तयार नाय. अंड्यांर बसली हा."

मिंगेलबाबची बायको नातालीनबाय पुढच्या सीटवरून उतरली आणि तिने साफ सांगितलं, "पिल्लां भायर येयपर्यंत पेटाऱ्याक कोणी हात लावचो नाय."

ती गेल्यावर दामूने कोंबडी अंड्यांसकट एका खोक्यात हलवून पाहिली. कोंबडी स्क्रूड्रायव्हरांच्या ट्रेमधून चालत परत आली आणि रिकाम्या पेटाऱ्यात बसली. दामूने मुकाट्याने अंडीही परत ठेवली. बारा दिवस काम बंद. त्या बारा दिवसांत दामूने एकही रेडिओ मोठ्याने लावला नाही. मिक्सर घेऊन आलेल्या बाईला आबा मेस्त्रींनी बोटाने गप्प राहायची खूण केली, तर ती बाई "कोण आजारी आसा?" म्हणून हळूच विचारून गेली.

तेराव्या दिवशी सात पिल्लं निघाली. न्यायला आलेल्या नातालीनबायने दामूच्या पाठीवर हात ठेवला.

"बाळंतपण बरा केलंस," ती म्हणाली.

*

मागची फळी शोधायला आबा मेस्त्री मिंगेलबाबच्या वाडीत गेले आणि शेजारच्या फाटकापाशीच थबकले. शेजारी गणपत पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो. त्याच्या फाटकावर काळी फळी टांगलेली, तिच्यावर पांढऱ्या रंगात 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. स्क्रूची भोकं आणि वायर घालायचं मधलं गोल छिद्र बघून आबांनी ओळखलं.

"ही खंयसून गावली?"

"गडग्याच्या कडेक पडलली," दगडी कुंपणाकडे हात करत गणपत म्हणाला. "माका लाभली हा. देवची नाय."

तीन दिवस बोलणी चालली. शेवटी आबांनी त्याला तशीच नवी फळी करून रंगवून दिली. पण जुनी देताना गणपतने अट घातली, अक्षरं पुसायची नाहीत. धंद्याची अक्षरं पुसली तर धंदा पुसला जातो, असं त्याचं म्हणणं. आबांनी शब्द दिला आणि पाळलाही. फळी अक्षरांसकट कॅबिनेटच्या पाठीवर बसली.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट रस्त्याकडे पाठ करून ठेवलेलं. एक नवरा-बायको मोटरसायकल थांबवून आत आले आणि विचारू लागले, "रूम आहे का?"

दामू सोल्डरिंग करत होता. मान वर न करता, पाहुण्यांशी बोलतात तशा शुद्ध मराठीत तो म्हणाला, "गेल्याच आठवड्यात सात पिल्लं घेऊन एक कुटुंब खोली खाली करून गेलं. बघून घ्या."

*

तिसरा स्पीकर देवळात सापडला. मिंगेलबाबनेच तो एका जत्रेला वापरायला दिला होता, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. तेव्हापासून रोजची आरती त्याच्यातूनच बाहेर पडायची. आम्ही चौघं मागायला गेलो. मानकरी म्हणाले, "आमी 'देतंव' म्हणूक शकनव नाय. देवाक विचारूया."

गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो जो स्पीकर आज पंधरा वर्सां तुझी चाकरी करता हा, तेचो धनी आज तेका न्हेवक इलो हा. तेच्या मनात काय वायट नाय. तेका मोकळो करूचो आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मिंगेलबाबला ऐकू आलं नव्हतं, पण आमची तोंडं बघून तोही म्हणाला.

उजवी पाकळी पडली. सगळ्यांना बरं वाटलं. दामू स्टुलावर चढून स्पीकर सोडवायला लागला, तेवढ्यात एका म्हाताऱ्या मानकऱ्याने विचारलं, "आणि वायर?"

वायरचा कौल वेगळा लावला. डावी पाकळी पडली.

वायर देवळातच आहे.

*

चौथा स्पीकर खरं तर हरवलाच नव्हता. नातालीनबाय त्याच्या लोखंडी कड्यावर पेजेचं मडकं ठेवायची. लोहचुंबक शाबूत होतं, पण आवाज काढणारा कागदाचा कोन फाटून लोंबत होता. नवा कोन कुठे मिळेना. दामू म्हणाला, कागदाच्या पट्ट्या चिकटवून चालेल, पण कागद जुना, चिवट हवा. माझ्या माळ्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तो दिला.

आठवड्याने माझा एक जुना विद्यार्थी पंखा घेऊन दुकानात आला. आता बांद्याला मोठं दुकान आहे त्याचं. सुकत ठेवलेल्या स्पीकरकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"गुरुजी," तो म्हणाला, "ह्या अक्षर माझा."

मी चष्मा लावला. पट्टीवर त्याचंच उत्तर होतं, आवाज पोकळीतून सर्वात वेगाने जातो म्हणून. त्याच्यावर माझी लाल फुली आणि बाजूला पाचपैकी दोन.

"काढूक येयत काय?"

"गोंद सुकलो," दामू म्हणाला.

तो अवघडून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मगे गुण तरी वाढवा."

आता त्याचे केस पिकलेत. मी दामूकडून लाल पेन घेतलं आणि दोनाचे अडीच केले.

*

मधल्या काळात मिंगेलबाबचा दुसरा कान भराभर उतरत गेला. ऐकायच्या मशीनसाठी बहिरेपणाचा दाखला लागतो, म्हणून मी त्याला घेऊन ओरोसला एका कार्यालयात गेलो. मी झेरॉक्स काढायला बाहेर गेलो तेवढ्यात त्याचा नंबर निघून गेला.

"तीनदा नाव पुकारलं," खिडकीतले साहेब म्हणाले. "आपण हजर नव्हतात."

मी ते मिंगेलबाबला कागदावर लिहून दाखवलं.

"मी हंयच बसललंय," तो म्हणाला.

"मग ऐकू आलं नाही का?"

तेही लिहून दाखवलं. मिंगेलबाबने वाचलं आणि मान हलवली. "तेच्याचसाठी इलंय."

साहेब विचारात पडले. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

"तसा अर्ज द्या," ते म्हणाले.

*

सगळं जमून आलं त्या रविवारी, चर्चात मिस्सा आटोपल्यावर, आम्ही कॅबिनेट मिंगेलबाबच्या अंगणात नेलं. पुढे नवीन कापड, आत चार स्पीकर, सगळं पॉलिश केलेलं, शेजारी दामूने आणलेला ॲम्प्लिफायर. वाडीतली माणसं जमली. मिंगेलबाब इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि तारांवरून हात फिरवला.

माडांवरचे कावळे उडाले. माझी छाती आतून हलली. गणपतचे पाहुणे बनियनवर बाहेर आले.

मिंगेलबाबने दामूकडे बघितलं. "चालू कर," तो म्हणाला.

 दामूने ॲम्प्लिफायरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. मिंगेलबाबने दिवा बघितला, मग आमची तोंडं. पुन्हा एकदा तारा छेडल्या. अखेर मिळालेलं कानातलं मशीन नुसतं शिट्टी मारत होतं. दुसरा कानही गेला होता, आम्हाला उशीर झाला होता. नातालीनबाय आत निघून गेली. दामू उगाच वायरी गुंडाळायला लागला.

मिंगेलबाबने मशीन काढून खिशात टाकलं. स्टूल बाजूला केलं आणि खाली जमिनीवर, कॅबिनेटच्या मागच्या फळीला पाठ टेकून बसला. डोळे मिटले. एकेक तार सावकाश वाजवू लागला, खालून वर, वरून खाली. दहा मिनिटं तरी तो तसाच वाजवत होता. नातालीनबाय पेज ढवळायची डवली घेऊन दारात येऊन उभी राहिली.

मग तो थांबला.

"दामू," डोळे न उघडता तो म्हणाला, "खालचो डावो उलटो जोडलंस."

चारही स्पीकरांचे कोन एकाच वेळी पुढे सरकायला हवेत. एखादा उलटा जोडला गेला, तर बाकीचे पुढे जाताना तो मागे जातो. हे मी शाळेत शिकवलंय. पण आम्ही सगळे तिथे दोन्ही कान घेऊन उभे होतो आणि आम्हाला काही कळलं नव्हतं.

"चाळीस वर्सां ह्याच काम करतंय मी," दामू म्हणाला. त्याला राग आला होता. मिंगेलबाबला ते ऐकू गेलं नाही. तो तसाच टेकून बसून राहिला.

शेवटी आबा मेस्त्रींनी त्याला हात धरून उठवलं आणि मागच्या फळीचे स्क्रू काढले. दामूने गुडघ्यावर बसून आत बॅटरी मारली. बराच वेळ तो आत बघत होता.

खालच्या डाव्या स्पीकरची लाल वायर काळीच्या जागी होती.