अक्काला न झालेलं गालगुंड

अक्का आज सकाळी गेली. कॉफी पिऊन, पेला विसळून गेली. शहाण्णवाव्या वर्षी आणखी काय हवं?

कुणी रडके इमोजी टाकू नका. ती चिडेल.

त्यापेक्षा तिची एक लबाडी सांगते. ज्यांना फसवलं त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही, त्यामुळे हरकत नाही.

तमिळ मुलखातलं कुंभकोणम्. इंग्रजांचं राज्य. मी नऊ वर्षांची, अक्का पंधराची. तिची शाळेची शेवटची, एसएसएलसीची परीक्षा जवळ आलेली, आणि नेमकं तेव्हाच तंजावरहून स्थळ आलं.

आप्पा म्हणाले, "मुलगी पसंत पडली तर परीक्षेचं नाव काढायचं नाही. लग्न."

अक्काने दोन दिवस जेवण सोडलं. आप्पा ढिम्म.

त्याच सुमारास मला गालगुंड झालं. दोन्ही गाल टम्म! आमच्या गावात त्याला पोन्नुक्कु वींगि म्हणतात, म्हणजे सोन्यासाठी सुजलेलं. गळ्यात सोनं घातलं की उतरतं, अशी सगळ्यांची खात्री. आईने आपली साखळी माझ्या गळ्यात घातली, गालांना हळद-कडुनिंबाचा लेप लावला. माझा थाट काय विचारता! फक्त लोणचं बंद. आंबट खाल्लं की पार कानापर्यंत कळ जायची.

अक्का हुशार. समोरच्या घरातल्या पोरीकडून ते माझ्याकडे यायला जवळजवळ तीन आठवडे लागले, हे तिने मोजून ठेवलं होतं. पाहुणे यायलाही तेवढेच दिवस होते. मग काय, बाईसाहेब माझ्याच ताटात जेवायला लागल्या, माझ्याच उशीवर झोपायला लागल्या.

"अक्के, तुला पण होईल गे!"

"होऊ दे की. गप जेव."

तीन आठवडे झाले. मी बरी होऊन उड्या मारायला लागले, तरी साखळी काही काढू देईना. अक्काचे गाल मात्र जसेच्या तसे. पाहुणे यायच्या दिवशी ती आरशापुढे बसून खरंच रडली.

मग डोळे पुसले, माझ्या गळ्यातली साखळी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि मला परसात कडुनिंब आणायला पिटाळलं. गालांत कापसाचे बोळे, वरून लेप. काय ॲक्टिंग केली म्हणता! मलाच क्षणभर खरं वाटलं.

दारात जटका, म्हणजे घोडागाडी, थांबला. मुलगा आणि त्याची आई उतरली. त्या माउलीने उंबऱ्यातूनच अक्काकडे पाहिलं.

"अय्यो! कधीपासून?"

अक्का नुसती "ऊं" म्हणाली. तोंड उघडलं असतं तर बोळे बाहेर.

आप्पा भांबावले. "अहो, सकाळी तर..."

तेवढ्यात आई पुढे आली. अक्काच्या ओठाला कापसाचा एक धागा चिकटला होता. आईने तो पदराने टिपला.

आई पाहुण्यांकडे वळून शांतपणे म्हणाली, "आजच होलं. ताप पण आहे."

(आमच्याकडे झालंला होलं म्हणतात. पुणेकरांनी हसू नये.)

मुलाला लहानपणी गालगुंड होऊन गेलेलं नव्हतं. मोठ्या पुरुषाला झालं तर फार वाईट, असं पुटपुटत त्याच्या आईने त्याला दंडाला धरून जटक्यात बसवलं. त्यांची कॉफी तशीच राहिली. ती मी प्यायले.

संध्याकाळी विहिरीपाशी आईने अक्काचे गाल धुतले. आता मार बसणार, म्हणून आम्ही दोघी गारठलेल्या.

आई म्हणाली, "अगे, दोन वर्षांची होतीस तेव्हाच तुला होऊन गेलंय. एकदा होलं की परत येत नाही. मला विचारायचंस तरी. तीन आठवडे उगाच हिचं उष्टं खाल्लंस."

आईने पदराने तिचे गाल पुसले.

"स्थळं आणखी येतील. जा, पुस्तक उघड."

आईला स्वतःला सही करता येत नव्हती.

अक्का पास झाली. पुढे नर्स झाली. लग्नही झालं, मनासारखं झालं. गाल सुजलेली पोरं घेऊन आया यायच्या, त्यांना ती सांगायची, "सोनं राहू दे हवं तर. पण भरपूर पाणी पाज, आणि बरा होईपर्यंत शाळेत धाडू नकोस."

आप्पांना आम्ही तिघींनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

अक्के, आता ते भेटतील. तूच सांगून टाक. ओरडले तर आईच्या मागे लपायचं, ती बघून घेईल.

फार आठवण येईल गे तुझी. सुखाने जा.