मधल्या दोन रेघा

सामना सुरू होण्याआधी ते मैदानावरची प्रत्येक रेघ अनवाणी पायाने चाचपत चालायचे. चुन्याची फक्की विस्कटलेली दिसली की म्हणायचे, "रेघ सरळ, तर भांडण नाय."

कर्जत-खालापुरात कबड्डी पाहिलेलं तुमच्यापैकी कोणी या पंचांना विसरलं नसेल. आठवडाभर कारखान्यात नोकरी, रविवारी शिट्टी. मी टेबलाशी बसून गुण लिहायचो.

एका वर्षी त्यांचा उजवा डोळा लाल झाला, गाल सुजला. कोणी दाढ म्हणालं, कोणी गांधीलमाशी. एक-दोघांनी बाटलीवर संशय घेतला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंना सूज आहे. आजार दुर्मिळ, उतरतो आणि पुन्हा उलटतो.

"डोळा शाबूत हाय रं," ते मला म्हणाले, "फिरवायचा दोर सुजलाय."

गोळ्यांनी सूज उतरली, ते पुन्हा मैदानात आले.

अंतिम सामना कळंब आणि कुंभिवलीचा. कळंब त्यांचं गाव, सख्खा पुतण्या संघात. गुण बरोबरीत. कुंभिवलीच्या गड्याची शेवटची चढाई. त्याला सगळ्यांनी दाबलं. त्याने मधल्या रेघेकडे हात ताणला. यांची शिट्टी वाजली. बाद! कळंबकरांनी गुलाल उधळला.

ते तिथेच उभे. मग माझ्याकडे आले.

"तो गुण खोड. मला रेघा दोन दिसल्या. त्यातली एक मी खरी धरली."

"राहू द्या आता. कोणाला कळलंय?" मी कुजबुजलो.

"मला."

मी खुर्चीवरून कधी उठून उभा राहिलो, आठवत नाही.

समोरच्या बाजूच्या पंचाला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. बोट रेघेला टेकलेलं त्याने पाहिलं होतं. यांच्या शब्दापुढे तो बोलला नव्हता. निकाल फिरला. "काका, गावाचं नाक कापलंत," पुतण्या ओरडला. त्यांनी शिट्टी माझ्या वहीवर ठेवली.

पुढे डोळा सुधारला, तरी ती परत घेतली नाही. "समोर बघतो तवा एकच दिसतं, कडंला बघितलं की दोन. आन् कबड्डीत सगळं कडंलाच घडतं." मग प्रेक्षकांत बसायचे.

यंदा तिथेही दिसले नाहीत. आजार दुसऱ्या डोळ्यातही पसरला होता. कुंभिवलीचा तोच गडी मला घेऊन मुंबईच्या दवाखान्यात गेला. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. आवाजावरून ओळखून त्यांनी त्याचा हात धरला.

"बोट टेकलं होतं ना रं?"

"खरं सांगू काका? तवा मलाच नव्हतं कळलं."

ते इतके हसले की सिस्टर धावत आली. हात मात्र त्यांनी सोडला नाही.