दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

दुनियेला गाण्यातलं काही कळत नाही, हे माझं ठाम मत होतं. ज्या अल्बमवर सगळे माना डोलावतात, तो ऐकताना मला तिसऱ्या मिनिटाला जांभई येते. आणि ज्याला कुणी विचारत नाही, तो मी छातीशी धरून बसतो. पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानात, भक्तिगीतांच्या ढिगाखाली मिळालेली ती कॅसेट त्यातलीच. आगरी लग्नात बायका गातात ते धवळे, आणि सोबत चक्क गिटार नि बँडवाल्यांची क्लॅरिनेट! मी वेडाच झालो. शास्त्रीयवाल्यांनी नाकं मुरडली, लोकगीतवाल्यांनी शिव्या घातल्या, अल्बम बुडाला. डोकं फिरतं माझं अशाने.

परवाच्या रविवारी दुपारी, विचुंब्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, कित्येक वर्षांनी ती लावली. टेपरेकॉर्डर नुकताच दुरुस्त करून आणला होता. बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या मावशी. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन मुळात त्यांच्याच घरची. आवाज कमी करायला सांगायला आल्या असणार म्हणून मी आधीच भांडायच्या तयारीत.

"यो माजा आवाज हाय," त्या म्हणाल्या.

मी हसलो. गाढवासारखा हसलो. तर त्यांनी दारातच पुढची ओळ म्हणून दाखवली, कॅसेटच्या आधी. बापरे! आठ वर्षं एकाच जिन्याला राहतोय आम्ही, आणि मला त्या माहीत होत्या फक्त पार्किंगवरून वाद घालणाऱ्या मावशी म्हणून.

त्या आत येऊन बसल्या. शहरातला कुणी एक माणूस मशीन घेऊन आला होता, त्यांच्याकडून आणि धाकट्या बहिणीकडून गाऊन घेतलं, आणि गेला. कॅसेट काही त्यांच्या हाती लागली नाही. कव्हरवर दोघींची नावंसुद्धा नाहीत. ते कव्हर मी शंभरदा वाचलं असेल, पण गाणाऱ्या कोण, हे कधी मनातही आलं नाही.

"भैन गेली माजी. फोटो हाय तिचा, आवाज कुठंच नाय. बाकीचं मी एकलीनंच म्हनलं. आमी दोघींनी एकच धवला नुसताच म्हनलेला, वाजाप नव्हतं. आधी मी, मंग ती. तो लाव."

तो दुसऱ्या बाजूचा शेवटचा. मी कॅसेट उलटली, पुढे पळवली. थोडी खरखर झाली. मग मावशींचा तरुण आवाज, एकटा. एक ओळ. दुसरी ओळ. मावशी स्पीकरकडे वाकल्या.

खट्ट.

"रसिकहो," कुणीतरी घसा खाकरून बोलू लागलं, "इथे हा अल्बम फसतो. हे गाणं मुळात हवंच कशाला? ना साथ, ना रंग..."

माझाच आवाज! तिशीतला, फुशारलेला. गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या पाठीवर जी खाच असते, तिला चिकटपट्टी लावून मी त्या गाण्यावर समीक्षकाच्या थाटात माझं मत टेप केलं होतं, आणि साफ विसरून गेलो होतो. ते मत संपता संपेना. अरे, किती बोलत होतो मी!

"यो कोन मदीच बोलतो?" मावशींनी विचारलं.

"मी. मावशी, ते गाणं मीच पुसलं."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्पीकरकडेच बघत राहिल्या.

"आता तीच म्हननार होती," त्या म्हणाल्या.