सातवी आणि दोनशेचौदा

बोर्ग्नीच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी बोटीच्या धक्क्यावरूनही दिसते. सोमवारी सकाळी तिच्यावर लाल जर्स्या फडफडत असल्या की आमच्या हेल्लविक गावात सगळ्यांना कळतं, काल बायकांचा सामना झाला. बायकांच्या फुटबॉल संघाच्या जर्स्या बोर्ग्नी चाळीस वर्षं घरी धुते. क्लबने तिला दोनदा नवं मशीन देऊ केलं. दोन्ही वेळा म्हणाली, "ते पोरांच्या मोज्यांना ठेवा. बायकांचं मी बघते."

शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली. आमच्या संघातल्या निम्म्या जणींना तिने लहानपणी बसमधून खाली उतरवायची धमकी दिलेली आहे, आणि एकदा मला खरंच उतरवलं होतं, पावसात. त्यामुळे तिच्याशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो. १९८४ साली हा संघ तिनेच काढला. तेव्हापासून क्लबच्या सभेची वहीही तिच्याकडेच असते.

या एप्रिलमध्ये दोन सोमवार ती दोरी रिकामी राहिली.

कारण मेंढ्या. आम्ही एकंदर अकरा जणी, त्यात पाच जणींच्या घरी मेंढ्या, आणि एप्रिल-मे हा कोकरांचा हंगाम. आम्ही पाचजणी मेंढवाड्यात रात्रंदिवस गुडघे टेकून, उरल्या सहा. सामना सुरू करायला किमान सात लागतात. दोनदा आमचे सामने न खेळताच गेले आणि जिल्हा संघटनेचं पत्र आलं, तिसऱ्यांदा संघ उतरला नाही तर नाव स्पर्धेतून काढू. पलीकडच्या गावाचं नाव असंच निघालं होतं. तिथे आता मैदानावर गवत कापून सुकवतात.

शुक्रवारी बोर्ग्नी माझ्या मेंढवाड्यात आली. काखेत सभेची जुनी वही.

"सिग्रून, रविवारी तू सातवी. बाकी चौघींच्या मेंढ्या धडाधड व्यायला लागल्यात. तुझं बरंच उरकलंय."

"आणि दोनशेचौदा?" मी बोट दाखवलं. कानात २१४ चा बिल्ला, पोट जमिनीला टेकायचं बाकी. "तीन आहेत पोटात. मागच्या साली अडली होती. नवरा तिकडे समुद्रात तेलविहिरीवर. हिला कोणाच्या भरवशावर टाकू, तुझ्या?"

"माझ्या नको बाई. मी बस चालवली, मेंढ्या नाही. ऑड्मुनच्या."

मला हसू आलं. ऑड्मुन अठ्ठ्याहत्तरचा. त्याने मेंढ्या विकल्याला पाच वर्षं झाली, पण अडलेलं कोकरू सोडवायला त्याच्याएवढा हात अख्ख्या खोऱ्यात कुणाचा नाही. फक्त एक अडचण. १९८४ च्या वार्षिक सभेत बायकांच्या संघाला उठून विरोध करणारा तोच, आणि तेव्हापासून तो आणि बोर्ग्नी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोललेले नाहीत. एवढ्याशा गावात हे जमवायला जिद्द लागते. दोघांकडे ती भरपूर आहे.

"तो तुला दारात उभी करणार नाही," मी म्हटलं.

"दारातच उभी राहीन. चल, मेंढी तुझी आहे."

ऑड्मुन अंगणात लाकडं फोडत होता. आम्हाला बघून कुऱ्हाड टेकवली.

"हवा बरी आहे," तो म्हणाला.

"बरी आहे," बोर्ग्नी म्हणाली, आणि वही उघडून सरळ वाचायला लागली. "'ऑड्मुन यांनी विचारले, बायका सामने खेळायला गेल्यावर मे महिन्यात कोकरांकडे कोण बघणार. उत्तर मिळाले नाही.' माझंच अक्षर आहे. चाळीस वर्षं उत्तर राहिलं होतं ऑड्मुन. आज आणलंय."

"काय आणलंयस?"

"तू बघणार."

मी जमिनीकडे बघत राहिले. हा बाबा आता कुऱ्हाड फेकतो की काय असं वाटलं. त्याने ती ओंडक्यात रोवली. मग बोर्ग्नीकडे न बघता मला म्हणाला, "तुझ्या मेंढवाड्यात गरम पाणी येतं का गं?"

रविवारी दुपारी एकला मी त्याला दोनशेचौदापाशी सोडलं. दोनला सामना. मी गोलकीपर. माझा फोन बोर्ग्नीच्या खिशात, आणि बोर्ग्नी माझ्या खांबाच्या शेजारी. आम्ही सात, समोरच्याही नऊच. रेफरीने मोजलं, पुन्हा मोजलं आणि शिट्टी वाजवली.

दहाव्या मिनिटाला फोन वाजला. बोर्ग्नीने ऐकलं, "नाही, अजून नाही," म्हणाली आणि ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. चेंडूकडे बघ."

थोड्या वेळाने पुन्हा. मी तिच्या तोंडाकडे बघत होते तेवढ्यात चेंडू माझ्या कानाजवळून आत गेला. "आता एक शून्य," बोर्ग्नी फोनमध्ये म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा स्कोअर विचारत होता! चाळीस वर्षांत मैदानाकडे न फिरकलेला माणूस दर दहा मिनिटांनी स्कोअर विचारत होता. मला इतकं हलकं वाटलं की पुढचे दोन चेंडू मी हसत हसत अडवले.

पण सामना संपायला वीस मिनिटं असताना फोन आला तेव्हा बोर्ग्नीने माझ्याकडे पाठ फिरवली. तिने स्कोअर सांगितला नाही. नुसतीच ऐकत राहिली.

"बोर्ग्नी! दोनशेचौदा ना?"

"चेंडूकडे बघ म्हटलं ना!"

तिचा आवाज मला ओळखू आला. बस घाटात बर्फावरून घसरली होती तेव्हा याच आवाजात तिने आम्हाला सांगितलं होतं, "बसून रहा, काही झालेलं नाही." पाय मेंढवाड्याकडे ओढत होते. मी गेले तर आत सहा उरणार, रेफरी शिट्टी वाजवणार आणि सगळं संपणार. मी राहिले. पण ती वीस मिनिटं कशी काढली ते विचारू नका. तीन गोल आणखी खाल्ले. आमच्याकडून एक झाला, तो मी पाहिलासुद्धा नाही.

शेवटची शिट्टी झाली. चार-एक हरलो आणि बाकीच्या सहाजणी कप जिंकल्यासारख्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी हातमोजे न काढता गाडीकडे धावले. बोर्ग्नी मागोमाग येऊन शेजारी बसली.

"अडली होती ना? आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"अडली होती. तिसऱ्याचा पाय मागे वळलेला होता."

"मग बोलवायचं ना मला!"

"मी बोलवणार होते," बोर्ग्नी म्हणाली. "तोच नको म्हणाला. 'राहू दे तिला तिथेच,' म्हणाला, 'सातच आहेत, सहा होतील.'"

मेंढवाड्याच्या दारात ऑड्मुन उलट्या बादलीवर बसला होता, निळी डांगरी कोपरापासून पोटापर्यंत रक्ताने आणि चिकट पाण्याने भिजलेली. आत दोनशेचौदा पाय पसरून पडली होती आणि तिच्या अंगाला तीन कोकरं लुचत होती. तिसरं जरा लटपटत होतं, पण लुचत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच पेंढ्यावर बसले आणि लाज न बाळगता रडले.

"चार-एक?" ऑड्मुनने विचारलं. "तुमच्या गोलकीपरचं लक्ष कुठे होतं?"

"तुझ्यापाशी होतं, म्हाताऱ्या!" मी नाक पुसत म्हटलं.

बोर्ग्नीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. चाळीस वर्षांनी ती त्याच्याशी समोरासमोर दुसऱ्यांदा धड बोलली. "काढ ती डांगरी. इकडे आण. सामन्याचे कपडे मी धुते."

सोमवारी दोरीवर सात लाल जर्स्या होत्या आणि टोकाला एक निळी डांगरी. बोटीवरून उतरणारा प्रत्येक जण मान वळवून बघत होता. संध्याकाळी ऑड्मुन ती न्यायला गेला तेव्हा मी तिथेच कॉफी पीत बसले होते. बोर्ग्नीने डांगरी नीट घडी घातली, जर्स्यांच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीचा बंद ओढला.

"रविवारी मिळेल," ती म्हणाली. "कपडे संघाकडे राहतात."