मावसाजींचं कोपर

मावसाजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. एरवी ते स्वतःहून फोन करत नाहीत. केलाच तर "हॅलो" म्हणून गप्प बसतात आणि मागून मावशीचा आवाज येतो, "अहो, बोला ना काहीतरी, पोरगी कामात असंल!" त्या दिवशी मागून आवाज आला नाही... "तुझी मावशी गेली," ते म्हणाले. "सकाळी चहा पिली, मशीनवर बसली. ब्लाउजला दोन हूक लावले. तिसरा लावायचा राहिला." जाण्यापेक्षा तो तिसरा हूक राहिल्याचंच त्यांना जास्त नवल वाटत होतं, असा काहीसा त्यांचा सूर होता. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. गिऱ्हाइकाचं काम अर्धवट टाकून इंदू मावशी कधी जेवायलाही उठली नव्हती.

याला आता महिना-दीड महिना झाला. ती गेली त्याच आठवड्यात आमच्या दैनिकाच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिही, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं, की लेख रडका होऊ द्यायचा नाही. एक रडका फोटो तिच्या वाट्याला आला होता, तेवढा जन्मभर पुरला. तुमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलाही असेल, फक्त तो तिचा होता हे तुम्हाला माहीत नसेल. त्या फोटोचीच ही गोष्ट आहे, आणि त्यात माझा हात आहे, म्हणून ती मीच सांगायला हवी.

इंदू मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन बुऱ्हाणपूरला गेली, म्हणजे खरं तर तापीच्या पलीकडे जैनाबादला. मावसाजींची थोडी केळी होती, आणि मावशी गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवायची. दारावर पाटी नव्हती, पण कुणालाही "इंदूबाई टेलर" म्हणून विचारलं तर थेट घरापर्यंत आणून सोडत. सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे गेलो की ती दारातच आम्हाला उभं करून डोळ्यांनी मापं घ्यायची. "हिचा खांदा उतरला. ही वाकून अभ्यास करते काय गं?" असं सगळ्यांदेखत विचारायची. भाषा बुऱ्हाणपुरी, अर्धी खानदेशी, अर्धी हिंदी, आणि हसणं असं मोठं की मशीन चालू असतानाही ऐकू यावं. स्वतःच्या कपड्यांबाबत मात्र फार काटेकोर. साडी साधी असली तरी चालेल, पण ब्लाउज बसला पाहिजे. "माझ्या अंगावर माझीच पाटी आहे," ती म्हणायची.

एका श्रावणात तापीचं पाणी जैनाबादच्या खालच्या गल्लीत शिरलं. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे हे सगळं मी नंतर मावशीकडूनच ऐकलं, आणि तेही इतक्या वेळा की मीच तिथे होते असं वाटतं. माणसं वेळेवर बाहेर पडली, उंचावरच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसली. मावसाजी कमरेएवढ्या पाण्यातून परत घरात शिरले आणि शिवणयंत्राचा वरचा भाग उपटून खांद्यावर घेऊन आले. यंत्र वाचलं, पण राखीसाठी शिवायला आलेले गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउजपीस गठ्ठ्यासकट वाहून गेले. ते कळलं आणि मावशी व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. घरासाठी नव्हे, त्या कापडांसाठी... कुणाचं माहेरून आलेलं, कुणी वर्षभर जपून ठेवलेलं. पदर ओला होऊन खाली गेलेला, केस सुटलेले, आणि धावपळीत डाव्या खांद्यावरची बाही उसवलेली. नेमका त्या वेळी कुणीतरी फोटो काढला आणि निघून गेला. तिने मान वर केली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. अर्ध्या तासाने ती उठली, डोळे पुसले आणि व्हरांड्यातल्या बायकांना म्हणाली, "चला, आता सगळ्यांची मापं नव्यानं घेते. काही जणी जाड झाल्या असतील." तिथं अख्खा व्हरांडा हसला, असं मावसाजी सांगतात. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पहिला फोटो आमच्याच दैनिकात पहिल्या पानावर आला. खाली ओळ होती, "सर्वस्व गमावलेली निराधार पूरग्रस्त महिला." नाव नाही, गाव नाही. गंमत अशी की ती "निराधार" महिला जिथे बसली होती, तिथेच तिच्या शेजारी, खांद्यावर मशीन घेऊन, तिचा नवरा उभा होता. पानात बसवताना कुणीतरी त्यांना कापलं. तरी फोटोच्या कडेला मावसाजींचं कोपर राहून गेलंच. मावसाजींना पुढे कायम त्याचंच वाईट वाटायचं. "जिंदगीत एकदा पेपरात आलो," ते म्हणायचे, "तर तेही कोपरापुरतं." भुसावळच्या नातेवाइकांनी मात्र ते कोपर पाहिलं नाही, "निराधार" तेवढं वाचलं. दोघं जण चक्क रडत रडत भेटायला आले आणि मावसाजींनीच दार उघडल्यावर दारात थिजले. महिन्याभराने कुणी परगावची मंडळी पेपरातलं कात्रण दाखवत, घर शोधत, जुन्या साड्यांचं बोचकं घेऊन आली. मावशीने त्यांना चहा दिला, साड्या ठेवून घेतल्या, प्रत्येकीला फॉल लावून, पिको करून, इस्त्रीसकट त्यांना परत पाठवल्या.

इतक्यावर संपलं असतं तर ही घरातली एक हसण्याची गोष्ट होऊन राहिली असती. पण फोटो आमच्या संग्रहात गेला, आणि संग्रहातला फोटो कधी मरत नाही. पुढे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पूर आला की मावशी पानावर. नदी दुसरी, जिल्हा दुसरा, बाई तीच. कोपऱ्यात बारीक अक्षरात "संग्रहित छायाचित्र", जे कुणी वाचत नाही. मी इथे नोकरीला लागल्यावर मावशी दर श्रावणात फोन करून पहिला प्रश्न तोच विचारायची, "काय गं, यंदा मी कुठं बुडली?" आणि तिचं ते मोठं हसणं. मीही हसायचे. मला वाटायचं, तिला मजा वाटते.

मग एका पावसाळ्यात पुराच्या पानाची जबाबदारी माझ्यावर आली. दुपारी पान छपाईला सोडायचं होतं, घटनास्थळाचे फोटो पोचले नव्हते. संग्रह उघडला आणि पहिलाच फोटो समोर आला तो मावशीचा. मी ओळखलं नाही असं नाही. नीट ओळखलं. कोपरसुद्धा दिसलं. मनात आलं, दरवर्षी लागतोच, तिला काय नवीन आहे... आणि मी तो लावला. चांगला मोठा लावला.

त्या वर्षी मावशीचा फोन आला नाही. श्रावण संपला, गणपती बसले, तरी नाही. शेवटी मीच केला, तर मावसाजी म्हणाले, "ती मशीनवर आहे. ये कधी." त्यांनी इतकं नीट वाक्य फोनवर बोलणं हीच घाबरण्यासारखी गोष्ट होती. रविवारी मी गाडीने बुऱ्हाणपूरला उतरून, पूल ओलांडून जैनाबादला गेले. मावशी खरोखरच मशीनवर होती. तिने वर पाहिलं नाही.

"माप द्यायला आली काय?"

"मावशी, मी चुकले," मी म्हटलं. मला आधीच रडू येत होतं.

"रडू नको. कोणी फोटो काढंल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी एकदम हसलो. पण मग तिने मशीन थांबवलं. "हे बघ. ज्यानं पहिल्यांदा काढला, तो परका होता. मी कोण, त्याला काय माहीत? तुला तर माहीत होतं ना, मी कोण आहे. पोरी, मी त्या दिवशी अर्धा घंटा रडली. बस, अर्धा घंटा. तुम्ही पेपरवाले मला दर साल रडवता."

हसून फोन करणाऱ्या बाईला आतून काय होत होतं, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. माझी मला लाज वाटली. अजून वाटते.

मी माफी मागितली, ती तिने ऐकूनही घेतली नाही. "तुझी माफी मी घेऊन काय करू? तिला काय फॉल लावू? मी तुझ्या ऑफिसात येते."

आणि ती आली. चांगली नारायणपेठ नेसून, मावसाजींना घेऊन, पॅसेंजरने. रिसेप्शनवर तिने आपली ओळख करून दिली, "मी ती बुडालेली बाई." आमचे तेव्हाचे संपादक भला माणूस, ते बाहेर येऊन उभेच राहिले. चहा झाला. ते मनापासून म्हणाले, "ताई, अशा फोटोंमुळे लोकांची मनं हलतात, मदत येते. काढायचेच नाहीत असं कसं चालेल?"

"काढू नका कोण म्हणतं?" मावशी म्हणाली. "पूर आला तर दाखवलाच पाहिजे. पण बाईला विचारा ना. मला विचारलं असतं तर मी हो म्हटली असती. फक्त बाही नीट करू दिली असती."

मीच विचारलं, "आणि जी सांगण्याच्या परिस्थितीत नाही, तिचं काय करायचं?"

"मंग पाठीकडून काढ. मी इतक्या पाठींची मापं घेतली, बाईवर काय गुजरलं ते पाठीवरूनही समजतं. त्याला तोंड कशाला पाहिजे?"

तिचा फोटो संग्रहातून काढून टाकू, असं संपादकांनी कबूल केलं. ती म्हणाली, माझ्यासमोर काढा. म्हणून फोटो विभागात तिला खुर्ची दिली. फोटो निघाला. आम्हाला वाटलं, झालं. पण मावशी उठेना. पडद्यावर पुढचा फोटो होता, दवाखान्याच्या खाटेवरच्या एका बाईचा. "हिचं नाव काय?" मावशीने विचारलं. फोटो विभागातल्या सहकाऱ्याने खालची नोंद पाहिली. नाव नव्हतं. पुढचा फोटो, आगीत घर गेलेली एक म्हातारी. "हिचं?" नव्हतं. "हिचं?" चहा दोनदा आला, मावसाजी खुर्चीत डुलक्या घ्यायला लागले, आणि मावशी एकेका बाईचं नाव विचारत राहिली. आमच्यातल्या कुणालाच एकही सांगता येईना. उठताना ती फक्त म्हणाली, "माझ्याकडं ब्लाउज येतो ना, तर त्यालाही नाव लिहिलेली चिठ्ठी टाचलेली असते."

दुसऱ्या दिवशी फोटो विभागातल्या सहकाऱ्याने संगणकावर कागद चिकटवला, "हिचं नाव काय?" आधी सगळे चेष्टा करायचे. हळूहळू चेष्टा थांबली आणि सवय लागली. आजही संकटात सापडलेल्या कुणाचा फोटो आला की नाव लिहिलेलं आहे का, विचारलं होतं का, एवढं पाहिल्याशिवाय पान पुढे जात नाही. त्यापायी कितीदा उशीर झालाय, बोलणी खाल्ली आहेत. कितीदा चांगला फोटो दुसऱ्या पेपरात दिसला आणि आम्ही हात चोळत बसलो. अशा दिवशी मी मावशीला फोन करून कुरकुरायचे. ती विचारायची, "पण बाईनं काय म्हटलं?" आणि मग तासभर गप्पा मारायची. दर श्रावणातला तिचा प्रश्नही पुन्हा सुरू झाला, जरा बदलून: "यंदा कोणी बुडालं नाही ना गं?"

तेराव्याला मी जैनाबादला गेले. तो ब्लाउज मावसाजींनी स्वतः तिसरा हूक लावून गिऱ्हाइकाला पोचवला होता. हूक थोडा वाकडा लागला, पण त्या बाईंनी तो तसाच राहू दिला आहे. यंत्र खिडकीपाशी, त्यावर स्वच्छ कापड. मला या लेखासाठी फोटो हवा होता, आणि कसं विचारावं ते सुचत नव्हतं. शेवटी तिने शिकवलं तसंच सरळ विचारलं, "मावसाजी, मावशीचा फोटो छापू का?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. गेल्या दिवाळीनंतर काढलेला होता. मावशीनेच हट्ट धरला होता, मशीनसकट फोटो पाहिजे. मग मावसाजींनी पुन्हा एकदा मशीनचा वरचा भाग उपटला, या वेळी रिक्षातून, मांडीवर घेऊन, पूल ओलांडून बुऱ्हाणपूरच्या स्टुडिओत नेला. फोटोग्राफर कॅमेरा लावून बटण दाबणार, तेवढ्यात मावशीने हात वर केला. "आधी विचार." तो गोंधळला. "काय विचारू, आजी?" "फोटो काढू का, ते विचार." बिचाऱ्याने विचारलं. मावशी म्हणाली, "हाव, काढ!" आणि जी हसत सुटली, तेवढ्यात हा फोटो निघाला.

मावसाजींनी चौकट खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात उलटी दिली. मागच्या पुठ्ठ्यावर, मापाच्या वहीत असायचं त्याच गोल, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "इंदूबाई टेलर, जैनाबाद. पेपरात छापायला माझी हरकत नाही. यांना कापू नका."

शेजारी छापला आहे. मध्ये मशीन, उजवीकडे मावशी, दोन्ही बाह्या नीट. डावीकडे मावसाजी, अख्खे, कोपर मशीनवर टेकवून.